सात पाळणाघरे निःशब्द जाहली त्याची हकीकत

श्री. पाचवीचे दिवशी लेकराचे कपाळी अक्षर लिहिणारी सटवाई, तिचे पायी मस्तक ठेवून, हे लिहिले आहे. शके सोळाशे शाहात्तर, भावनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी ही गोष्ट घडली. नगरीचे नाव लिहू नये ऐसी आज्ञा, आणि आपले नाव लिहावे ऐसी छाती नाही.

त्या नगरीत रेशमाचे माग तीनशे चालत, आणि मागांवर बहुतकरून बायका बसत, आणि तान्ही लेकरे मागाचे पायास धडप्याने बांधून ठेवीत. एके दिवशी एका लेकराची बोटे मागात सापडली आणि ती वार्ता नगरीचे धनी श्रीमंत, त्यांस कळली. श्रीमंत मनाचे फार कोवळे. त्यांचा एकुलता पुत्र रडत रडत वारला होता, तेव्हांपासून लेकराचे रडणे त्यांस ऐकवत नसे. मग त्यांनी सात पेठांत सात पाळणाघरे बांधविली, सागाचे पाळणे टांगविले, अंगणात निंब लाविले आणि नगरीने जयजयकार केला. परंतु चाळीस लेकरांमागे दाई एकच नेमिली. कारभारी तिमाजीपंत बोलिले, "बायकांना हे उपजतच येतं. त्याला माणसं कशाला हवीत?" आणि आम्ही सर्वांनी माना डोलाविल्या. मीही डोलाविली, हे लिहून ठेवितो.

पुढे आज्ञा जाहली की दर महिन्यास तपासणी व्हावी, आणि ज्या घरी रडणे ऐकू येणार नाही त्या घरावर मानाचे तांबडे निशाण लागावे, आणि जेथे रडणे फार तेथील दाई काढावी. मी दरबारचा कारकून, सबब तपासणीचे पुस्तक मजकडे आले. पहिले महिन्यात दोन दाया गेल्या, आणि राहिल्या त्यांस रात्रंदिवस धास्ती लागली. पूर्वपेठेस हौसा म्हणोन दाई होती, विधवा, घरी आंधळी सासू. तिने दोन हातांनी चाळीस पाळणे हलविले, आणि एकास उगे करी तो दुसरे उठे, आणि शेवटी तिने सकाळचे बाळगुटीत मोहरीएवढी अफू उगाळिली. मग पूर्वपेठ शांत जाहली आणि निशाण लागले. मग बाकीच्या दायांनी तिजला गाठून विचारिले, आणि तिने भीत भीत सांगितले, आणि दोन महिन्यांत साती घरे शांत जाहली. मी पुस्तकात "शांत" हा शब्द सात वेळां लिहिला. श्रीमंत संतोष पावले आणि दरबारात साखर वाटली.

तेसमयी मैना नामे विणकरीण मजकडे आली. तिची लेक चंद्रा, चौदा महिन्यांची, पूर्वपेठेत असे. मैना बोलिली, "लिहिणारे काका, माझी चंद्रा मला बघून झेप घ्यायची. आता कडेवर घेतली तर मान टाकते. दूध ओठातून गळतं. रडत नाही हो ती."

मी म्हणालो, "अगं, रडत नाही हे बरंच की."

"भूक लागली तरी रडत नाही, काका. मला भीती वाटते. एकदा वर सांगा ना."

मजलाही भीती वाटली, परंतु तिमाजीपंतांची अधिक वाटली. मी सांगितले नाही.

पुढे पूर्वपेठेस तिसऱ्यांदा निशाण मिळाले, सबब श्रीमंत स्वतः आले, आणि मान म्हणोन सलामीची तोफ पाळणाघराचे अंगणातच आणिली, आणि दोन प्रहरी बत्ती दिली. आवाज ऐसा जाहला की निंबावरील कावळे उडाले, घोडा उधळला, तिमाजीपंतांची पगडी घसरली, आणि श्रीमंत दचकून दोन पावले मागे सरले. आंत चाळीस लेकरे होती. एकही उठले नाही. एकानेही पापणी हलविली नाही. श्रीमंत उंबऱ्यात उभे राहून पाहात होते आणि त्यांचे तोंड पांढरे पडले, आणि पुस्तकात त्या घराचे नावापुढे "शांत" हा शब्द मीच लिहिला होता.

मैना मागावरून धावत आली आणि तिने चंद्रेस उचलिले तो हातपाय लोंबले. हौसा भुईवर पडून आक्रोश करू लागली, "मोहरीएवढीच देत होते हो! मारायचं नव्हतं मला!" मग वैद्य आले आणि लेकरांचे तळवे चोळविले, गार पाण्याचे हबके मारविले, नावे घेऊन हाका मारविल्या, आणि श्रीमंत स्वतः भुईवर बसून एका कोष्ट्याचे पोराचे पाय चोळीत होते. दिवेलागणीस एक रडले. मग दुसरे. ऐशी एकोणचाळीस रडली. चंद्रेचा श्वास चालत होता, इतकेच.

तो कल्लोळ ऐकून श्रीमंतांचे डोळे वाहू लागले आणि ते बोलिले, "आता ज्या घरी आवाज जास्त, त्या घराला निशाण!" तिमाजीपंत तत्काळ मजला म्हणाले, "लिहा." आणि मी लेखणी बुडविली.

मैना चंद्रेस मांडीवर घेऊन बसली होती, ती उठली नाही. तशीच बोलिली, "महाराज, नका. गप्प बसण्याला निशाण लावलंत तर अफू आली. रडण्याला लावाल तर चिमटे काढतील. हौसाबाई वाईट नाही हो. चाळीस पोरं आणि दोन हात! निशाण नको, हात द्या."

मग श्रीमंतांनी दारावरचे निशाण स्वतः उतरविले, घडी केली आणि चंद्रेचे डोक्याखाली ठेविले. हौसेस शिक्षा करू दिली नाही. "गुन्हा हुकमाचा आहे," ऐसे म्हणाले. मग नवी तजवीज जाहली: पांच तान्ह्यांमागे एक दाई, आणि दाईने आधी तीन महिने शिकावे, आणि आयांस दोन प्रहरी पाजावयास सोडावे, आणि लेकरांशी बोलावे, खेळावे, गाणी म्हणावी. तपासणाराने न कळविता यावे आणि भुईवर बसून, लेकरू रडले असता कोण धावते आणि ते कोणाकडे हात पसरते, हे पाहावे. तिमाजीपंत कपाळास आठ्या घालून होते, परंतु शिक्का उमटला.

सारांश, नगरीची घरे सुधारली, मागही चालू राहिले, आणि आता त्या पेठांतून जाता कानठळ्या बसतात. चंद्रेने तिसरे दिवशी डोळे उघडिले. त्यास दोन वर्षे लोटली. ती चालते, जेवते, आईचा पदर धरून उभी राहते. परंतु बोलत नाही, आणि पडली तरी रडत नाही. वैद्य म्हणतात, वाट पाहा. मैना निंबाखाली बसून तिजशी तासतास बोलते आणि उत्तरासाठी थांबते. मी दर महिन्यास जातो, भुईवर बसतो आणि एकोणचाळीस नावांपुढे भराभर लिहितो. चाळिसाव्या नावापाशी आलो की तोच जुना शब्द लेखणीचे टोकावर येतो, आणि ती जागा कोरी सोडून मी पान उलटतो.