खोली तुमचीच कशावरून?

थोरला बाल्कनीत चादर वाळत घालायला गेला आणि त्याच्या पाठीमागे दार खट्‌कन लागलं. ओढलं की आपोआप लागणारं आणि फक्त आतूनच उघडणारं दार. अंगावर अर्धी चड्डी, हातांपासून गालांपर्यंत साबणाचा फेस आणि मोबाइल आत पलंगावर.

एरवी तो स्वतःच हसला असता. पण आज एकोणतिसावा दिवस होता. पहिली नोकरी लागताच बाविसाव्या वर्षी त्याने घरी जाहीर केलं होतं, "मी आता स्वतंत्र राहणार." बाबांनी मिशीला पीळ दिला होता. "तीस दिवस घरून कसलीही मदत न मागता राहून दाखव. नाहीतर निमूट सामान उचलून परत ये." तेव्हापासून त्याने आठ वेळा दूध उतू घालवलं, एकदा गुलाबी झालेला पांढरा शर्ट घालून ऑफिस गाठलं, पण घरी हूं की चूं केलं नाही. आता उद्याचा एक दिवस काढला की गड सर.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी दारातच मशीन घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, जरा वर बघता का?"

"बघतेच आहे. चादर पिळायची असते, बाळा. सगळं पाणी माझ्या कापडावर गळतंय."

"मी अडकलोय. घरमालकांना फोन लावता?"

"नंबर सांग."

घरमालकांचा नंबर मोबाइलमध्ये होता. जिवलग मित्राचा मोबाइलमध्ये. ऑफिसचाही तिथेच. अख्ख्या जगातला एकच नंबर त्याला पाठ होता, शाळेच्या डायरीत दरवर्षी पहिल्या पानावर लिहिलेला. आईचा.

"तो नको," तो स्वतःशीच म्हणाला.

मावशींनी मग कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला हाक मारली. तो पेटी घेऊन आला. पेटीवर त्याचा नंबर वीतभर आकड्यांत रंगवलेला होता. त्याने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"खोली तुमचीच कशावरून?"

"म्हणजे काय? मी आत राहतो."

"तुम्ही तर बाहेर दिसताय."

"मावशी, तुम्ही तरी सांगा हो."

"मी काय सांगू? सकाळी सातला जातोस, दिवे लागल्यावर येतोस. आज पहिल्यांदा तुझं तोंड नीट बघतेय, तेही फेसातून."

"मागे एकाला असंच दार उघडून दिलं," चावीवाला म्हणाला, "तो टीव्ही घेऊन गेला. भाडेकरार दाखवा, दोन मिनिटांत उघडतो." आणि तो पेटीवर बूड टेकवून निवांत बसणार होता, पण ऊन होतं म्हणून पेटी तिथेच ठेवून मावशींच्या छपराखाली गेला.

भाडेकरार आईच्या कपाटात होता, 'महत्त्वाचं' असं लिहिलेल्या फाइलमध्ये. स्वतंत्र व्हायच्या उत्साहात थोरल्याने आपल्या स्वातंत्र्याचा कागद आईकडेच जपायला दिला होता.

अर्धा तास तो खाली त्या पेटीकडे बघत उभा राहिला. फेस वाळून अंगाला खाज सुटली. शेवटी त्याने मावशींना नंबर सांगितला. "मदत मागत नाहीये म्हणावं. फक्त एक फाइल हवीय."

"हॅलो, तुमचा मुलगा अडकलाय," मावशी फोनवर म्हणाल्या. "हो, अर्ध्या चड्डीवर."

पाव तासात आई हजर. छातीशी फाइल, एका पायात बाबांची चप्पल. मागून बाबा, आणि दहावीतली धाकटी, जिला हे चुकवायचं नव्हतं.

"दादा, तुला पांढरा रंग शोभतो हं," ती खालूनच म्हणाली.

चावीवाल्याने कराराचं पानन्‌पान वाचलं, फोटो वरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला, "यात केस विंचरलेत" असा शेरा मारला आणि खरंच दोन मिनिटांत खोलीचं दार उघडून, दुसऱ्या कामाची घाई म्हणून निघून गेला.

"एकोणतीस," बाबा आत येत म्हणाले.

"माहितेय."

"सामान बांधायला हात लावू?"

थोरला सरळ गॅसकडे वळला. त्याने चहा टाकला. दूध उतू गेलं नाही. आईने पाहिलं, अंथरूण नीट घातलेलं, मोज्यांच्या जोड्या लावलेल्या, खिडकीत रोपटं, आणि तेही जिवंत. तिचे डोळे भरून आले. रुमालासाठी तिने पिशवीत हात घातला आणि हात तिथेच थांबला.

"अहो, घराची किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

"तुझ्याकडे असते ती."

"मी फाइल घेतली होती."

"आणि दार मी ओढलं," धाकटी म्हणाली. घरचं दारही तसलंच, ओढलं की लागणारं.

तिघं एकमेकांची तोंडं बघू लागली. थोरल्याने मोबाइल उचलला आणि कुठेही न शोधता दहा आकडे दाबले. पेटीकडे अर्धा तास बघून दुसरं काय होणार? नंबर पाठ झाला होता.

"घर त्यांचंच कशावरून?" पलीकडून आवाज आला. "कागद कुठेत?"

"आईच्या कपाटात."

"आणि कपाट?"

"त्याच घरात."

बाबांच्या मिशीचा पीळ सुटला. थोरला शांतपणे म्हणाला, "मी सांगतो ना. माझे आईबाबा आहेत. मी ओळखतो त्यांना."

पलीकडे जरा विचार झाला. "तुम्ही म्हणताय तर ठीक. तुमचे कागद मी बघितलेत."

थोरल्याने फोन ठेवला. "पाच वाजता येतो म्हणाला. तोवर इथेच बसा."

बाबा घसा खाकरून म्हणाले, "तुला अडचण नाही ना होणार?"

"बाबा," धाकटी म्हणाली, "ही मदत मागितली असं धरायचं का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी रिकामा कप पुढे केला. "सामान राहू दे तुझं जिथल्या तिथे. आणि चहा उरला असेल तर बघ."