पैठण पठ्ठ्यांना आरोपी पाहिजे

पैठण पठ्ठे या कबड्डी संघाचा मुख्य चढाईपटू सुदर्शन याने टोल भरायला नकार दिला, नाक्याचा आडवा दांडा उपटला आणि त्याच दांड्याने टोलवाल्याचा जबडा मोडला. त्याला अटक झाली. पाठोपाठ प्रायोजक गेले.

संघाचे मालक बद्रीनाथ मुकुंदवाडीत ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतात. शेजाऱ्यांनी पैसा निवडणुकीत घातला, यांनी कबड्डीत. कबड्डीत हरलेला माणूस निदान हात तरी मिळवतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिला प्रायोजक इलायचीवाला. पुडीवर इलायचीचं चित्र असतं; आत काय असतं ते क्रांती चौकातल्या लाल झालेल्या दुभाजकाला विचारावं. "सर, आमच्या कंपनीची काही मूल्यं आहेत," तिथला अधिकारी म्हणाला. दुसरी एक पतसंस्था. तिच्या दारात ठेवीदार उपोषणाला बसलेले, म्हणून अध्यक्ष फोनवर हळू आवाजात बोलले, "बद्रीभाऊ, लोकांचा विश्वास हेच आपलं भांडवल. जपावं लागतं."

स्पर्धेचा नियम साधा होता : प्रायोजकाविना एकच सामना खेळता येतो; त्याच्या पुढच्या सामन्याआधी प्रायोजक नसेल तर संघ रद्द, पोरं आपापल्या गावाला. बद्रीनाथांनी या पोरांच्या आयांना शब्द दिला होता. अंगणात उभं राहून, चहा पिऊन दिला होता. असा शब्द मागे घेता येत नाही.

त्यांनी सुदर्शनला काढलं आणि सार्थकला घेतलं. सार्थक तंबाखू खात नाही. पोलीस नसला तरी सिग्नलला थांबतो, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांची माफी मागतो. पहिल्याच सामन्यात त्याने एका चढाईत चार गडी बाद केले. टाळ्या वाजल्या. प्रेक्षक इतके होते, की प्रत्येकाचं नाव घेऊन आभार मानता आले असते.

त्याच संध्याकाळी सुदर्शन जामिनावर सुटला. डीजे लागला, जेसीबीतून फुलं पडली, चौकात फ्लेक्स चढला :

संकटातून सुखरूप परतल्याबद्दल
हार्दिक अभिनंदन!
— समस्त मित्रपरिवार

(टोलवाल्याच्या जबड्यात तारा आहेत. त्यामुळे त्याची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.)

दुसऱ्या एका संघाने सुदर्शनला उचललं. त्यांची तिकिटं संपली. त्यांच्या बनियनवर इलायची झळकली. बद्रीनाथांनी फोन लावला.

"तुमच्या मूल्यांचं काय झालं हो?"

"सर, अटक झाली तेव्हा तो गुन्हेगार होता. आता मिरवणूक झालीय." अधिकाऱ्याने आवाज मऊ केला. "तुमच्याकडं आहे का कुणी तसं? गुन्हा लहान असला तरी बघू आपण."

रात्री जेवताना बायको सुरेखाने ताटात भाकरी आपटली. "आवं, एवढे गडी पाळले, एकावरबी केस नाय? काय संस्कार केले तुमी पोरांवर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथांनी सार्थकला बोलावून घेतलं. "आठव बाबा. कधी तरी काही तरी केलं असशील."

"मालक, एकदा एसटीत विनातिकीट बसलो होतो. पैठणपतोर."

"मग?" बद्रीनाथ पुढे सरकले.

"उतरताना कंडक्टरला पैसे दिले."

बद्रीनाथांनी कपाळावर हात मारला. मग पोराला स्कूटरवर मागे बसवून ते पोलीस ठाण्यात गेले.

"काय तक्रार?" हवालदार.

"या पोरानं मला मारलं."

"कधी?"

"अजून नाय."

हवालदार दचकला नाही. "मग आधी मारून घ्या. अन् बाहेर जाऊन. आत झालं की मला लिहावं लागतं."

बाहेर पेरूची गाडी होती. तिच्याशेजारी दोघं समोरासमोर उभे राहिले.

"मालक, तुमच्या घरची भाकर खाल्लीय मी."

"ती तुलाच नाय, समद्यांना मिळत राहावी म्हणून म्हणतोय. मार!"

सार्थकने डोळे मिटले आणि थापड दिली. चढाईपटूचा हात तो. चष्मा उडून पेरूंत पडला. सार्थक रडत रडत पेरू बाजूला करायला लागला. पेरूवाला म्हणाला, "भाऊ, दाबू नको, माल खराब होतो."

गाल घेऊन बद्रीनाथ पुन्हा आत.

"अदखलपात्र," हवालदाराने गाल बघून निकाल दिला. "मोडलंय का काही?"

"चष्मा."

"चष्मा शरीरात धरत नाहीत, दादा."

"साहेब, थोडंसं तरी दखलपात्र करा की!"

"माझ्या हातात असतं तर केलं नसतं का? वरून फोन आणा."

स्वतःच्या पोराविरुद्ध साधा गुन्हासुद्धा दाखल करता येऊ नये, इतकी आपली ओळख कमी पडली, हे बद्रीनाथांना थापडीपेक्षा जास्त लागलं. संघ संपला, असं धरून ते घरी आले.

पण पेरूच्या गाडीवर गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाईकाकडे मोबाइल होता. दिवेलागणीपर्यंत ती थापड जिल्हाभर फिरली. 'खेळाडूनं मालकाला धुतलं!' इलायचीवाल्याचा फोन आला. "सर, मुलात दम आहे! गुन्ह्याचं राहू द्या, नंतर होईल. पुढच्या सामन्याआधी परत मारेल का? मैदानावर?"

संघ वाचला. पोरं अंगणात नाचली. सुरेखाने नवऱ्याच्या गालाला हळद लावली आणि म्हणाली, "दुसरा गाल आत्तापासून जपा."

सार्थक तेवढा पायरीवर बसून होता. "मालक, माझी ती चढाई, चार गड्यांची… तीबी टाकली होती ना मोबाइलवर? बघितली का लोकांनी?"

"लई जणांनी," बद्रीनाथ म्हणाले आणि आत गेले.

ती चढाई अजून तिथंच आहे, थापडीच्या अगदी खाली. बोट जरासं वर सरकवलं की दिसते. तुम्ही थापड तीनदा बघितलीत; बोट तेवढं सरकलं नाही.