गाडीचा निर्जळी उपवास

आमच्या गाडीने गेल्या सोमवारपासून निर्जळी उपवास धरला आहे. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की ती थेंबही न घेता सगळं परत बाहेर लोटते, आणि नाक्यापर्यंत जाईतो काटा लाल रेघेवर. वय अडतीस. या वयात हट्टीपणा वाढतो, ते मला माझ्यावरूनही कळतं.

चिपळुणातल्या हमीदभाई मिस्त्रींनी तिला रीतसर तपासलं. पंप फिरत होता, होसपाइप कुठे गळत नव्हता, पट्टा घट्ट होता. थर्मोस्टॅट काढून त्यांनी चहाच्या पातेल्यात उकळला. तोही वेळेवर उघडला.

"दोष काही नाही, खातूसाहेब," हात पुसत ते म्हणाले. "हिने कुणासाठी तरी धरलाय. घरात आजारी कोण आहे?"

"शैला. माझी बायको. सोमवारी कराडला हृदयाचं ऑपरेशन झालं. उद्या सोडतायत. म्हणते, येईन तर माझ्याच गाडीतून."

"म्हणजे वहिनी घरी आल्याशिवाय ही पाणी घेणार नाही."

"आणि पाणी घेतल्याशिवाय घाट चढणार नाही."

हमीदभाई विचारात पडले. "आमच्यात प्रवाशाला रोज्यातून सूट असते. तुमच्यात?"

"नाही बुवा. औषधाने उपवास मोडत नाही, एवढंच."

त्यांनी लगेच कूलंट औषध म्हणून ओतलं. गाडीने तेही टाकलं. इतकी कडक बाई मी आयुष्यात दुसरी एकच पाहिली आहे. शेवटी तिलाच फोन लावून बॉनेटवर ठेवला.

"अगं, पुरे आता," शैलाचा आवाज अजून बारीकच होता. "मी बरी आहे. आज चार पावलं चालले. पी बघू, माझी शहाणी ती."

आत गुडगुड झालं. हमीदभाई ओतत गेले आणि गाडी पीत गेली. शैला तोवर फोन धरून होती.

"प्यायली?"

"प्यायली."

"आणि तुमच्या पोटात सोमवारपासून काय गेलंय?"

"चहा," मी म्हणालो.

हमीदभाईंनी आपला डबा उघडून माझ्यापुढे ठेवला आणि फोनकडे वाकून म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. दोघांचाही उपवास सोडवून उद्या पाठवतो."

तांदळाची भाकरी होती. मला रडू आलं, ते मी खाता खाताच उरकलं.