चादरींनी बसवलेली गाडी

आमच्या शेजारच्या मल्लिनाथकाकांनी एकदा दातांच्या डॉक्टरांकडे कवळीचं सॅम्पल मागितलं होतं. घरी नेतो, कडक भाकरी चावून बघतो, जमलं तर ठेवतो, नाहीतर परत. अशी पद्धत नसते, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर काकांचं उत्तर : "म्हंजे तुमचाच तुमच्या मालावर विश्वास न्हाय की."

काकांचा टॉवेल-चादरींचा ठोक व्यापार आहे. एमआयडीसीतून माल उचलायचा आणि गावोगावच्या दुकानांना पुरवायचा. या धंद्यात आधी सॅम्पल, मग ऑर्डर. काकांनी हा नियम सगळ्या आयुष्याला लावलाय. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी बँडवाल्यांना भर दुपारी आमच्या गल्लीत वाजवायला लावलं. एक फ्लॅट पसंत पडला, तर सतरंजी घेऊन रात्रभर तिथं झोपून आले. वरच्या मजल्यावरचा माणूस घोरतो, म्हणून व्यवहार मोडला.

मी फारसं बोलत नाही. बाकीच्यांना तो शिष्टपणा वाटतो, काकांना सोय वाटते. मला ते पुट्टी म्हणतात. कानडीत लहान मुलीला म्हणतात तसं. मी नोकरी करते, हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

डिसेंबरात एका रविवारी ते आमच्या दारात आले. "पुट्टी, तू इंग्लिश मिडियमची. मोबाइलवर वाचून सांग, गाडीची उंची कमी कशी करायची?"

"कशाला, काका?"

"अक्कासाटी."

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. राहायला मंगळवेढ्याला. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला त्या लहानपणापासून सोलापुरात यायच्या, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला. गुडघे गेले तरी यायच्या. पण गेल्या संक्रांतीला काकांनी त्यांना आणायला नवी उंच गाडी नेली आणि अक्कांचा पाय काही वर पोचेना. तेव्हा काकांनी आणि शेजारच्या एका माणसानं त्यांना खांद्यापायाला धरून उचललं आणि सीटवर ठेवलं. जन्मभर गठ्ठे चढवलेले हात. ठेवल्यावर काकांनी सवयीनं वरून एक थाप मारली.

अक्कांची गल्ली खो खो हसली.

"मी काय गठ्ठा हाय व्हय रे?" असं म्हणून अक्का उतरल्या, घरात गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. त्यानंतर फोनवर सगळं बोलतात. गाडीचं नाव काढलं की फोन ठेवतात.

"पाट ठेवला तर?" मी विचारलं.

"विचारलं की. म्हनली, या वयात बोहल्यावर चढू काय."

"भाड्यानं छोटी गाडी?"

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी भाड्यानं भाऊ आणायला सांगितला होता.

मी दोन संध्याकाळी खर्चून वाचलं आणि त्यांना समजावलं. उपाय दोन. एक, नुसत्या आखूड स्प्रिंगा बसवायच्या. गाडी खाली येते, पण कडक होते. रस्त्यातला खडा न् खडा पाठीला कळतो आणि जुने शॉकॲब्सॉर्बर लवकर जातात. दुसरा, स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, सगळं सस्पेन्शनच बदलायचं. मग उंचीही हवी तशी ठेवता येते आणि दणकेही बसत नाहीत. पण खर्च मोठा, आणि एकदा बसवलं की परत घेत नाहीत.

"सॅम्पल?"

"काका, स्प्रिंगांचं सॅम्पल नसतं."

"कोन म्हनतंय?"

दुसऱ्या दिवशी काकांनी गाडीत चादरी-टॉवेलांचे गठ्ठे भरले. स्प्रिंगा न बदलता गाडी खाली. फक्त ती मागून बसली आणि पुढून तोंड वर करून आभाळाकडे बघायला लागली. मग तोल साधायला काकांनी बॉनेटवर एक गठ्ठा बांधला. त्यामुळे समोरचं दिसेना. तो सोडून त्यांनी दोन लहान गठ्ठे पुढच्या सीटखाली कोंबले आणि सीटवर मला बसवलं. अक्कांच्या जागी. माझ्या हातात शेंगाचटणीची उघडी बरणी दिली. चटणी सांडली तर सस्पेन्शन नापास.

अक्कलकोट रोडपर्यंत जाऊन आलो. कणभरही सांडली नाही.

"बग! खाली बी, मऊ बी!" काकांनी हॉर्नच वाजवला.

मला बोलावं लागलं. "काका, गाडी वजनामुळे मऊ चालतेय. आखूड स्प्रिंगांनी उलट होईल. गठ्ठ्यांवरून स्प्रिंगांचं काही कळणार नाही."

काकांनी हॉर्नवरचा हात काढला. मग संक्रांत तोंडावर आली तरी रोज एकदा कुंपणावरून विचारायचे, "स्प्रिंगा का पुरा सेट?" मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणायचे, "कडक झाली तर अक्काची पाठ जाईल. आन पुरा सेट घातला, तरी ती न्हाईच आली तर?"

शेवटी त्यांनी ठरवलं, गठ्ठ्यांसकट गाडी मंगळवेढ्याला न्यायची. सॅम्पल अक्कालाच दाखवायचं. दोन्ही प्रकार समजावून सांगायला मी.

वाटेत प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी पोट घासून कण्हायची आणि तिच्याबरोबर काका.

अक्का दारात उभ्या होत्या. बुटक्या, ताठ, पदर डोक्यावर. "मल्ल्या, ही गाभण म्हस कुटनं आनलीस?"

समोरच्या कट्ट्यावरची माणसं हसली. आणखी चारदोन घरांतून बाहेर आली. काकांना त्याचं काहीच नव्हतं. "अक्का, बग तर, किती खाली आलीय! यात दोन प्रकार असतेत. पुट्टी, सांग."

एवढ्या लोकांसमोर माझा आवाज स्प्रिंगांपर्यंत पोचून बंद पडला.

अक्का गाडीच्या उंचीकडे बघतच नव्हत्या. त्या कट्ट्याकडे बघत होत्या. "मला न्हाय यायचं," त्या म्हणाल्या. "मिरवनूक टीव्हीवर दावतेत की."

काकांनी अक्कांकडे पाहिलं, मग कट्ट्याकडे. मग डिकी उघडून त्यांनी एक गठ्ठा फोडला.

"हे घ्या. एकेक टॉवेल. फुकट हाय. पन आत्ताच्या आत्ता तोंडावर घ्यायचा. मी सांगेपर्यंत काडायचा न्हाय."

फुकट म्हटल्यावर कुणी कारण विचारलं नाही. कट्ट्यावरचे म्हातारे, दुधवाला, समोरच्या दोघी जावा, सगळ्यांनी गुलाबी-पिवळे टॉवेल तोंडावर ओढले. गठ्ठा संपला, गाडी बोटभर वर आली. काकांच्या ते लक्षात आलं नाही. मी सांगितलं नाही. त्यांनी मलाही एक टॉवेल दिला आणि शेवटचा स्वतः घेतला.

सगळी गल्ली गप्प. माझ्या नाकात कोऱ्या टॉवेलचा खळीचा वास. बांगड्या वाजल्या. "शिवा शिवा" ऐकू आलं. गाडी करकरली, थांबली, पुन्हा करकरली. अक्का कशा चढत होत्या ते मला माहीत नाही. टॉवेलखालून मला फक्त काकांचे हात दिसत होते. उजवा हात एकदा आपोआप गाडीच्या दिशेनं गेला. काकांनी तो मागे घेतला आणि पाठीशी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

दार लागलं. लोकांनी हळूहळू टॉवेल काढून घड्या घातल्या. काकांनी काही काढला नाही.

काच खाली गेली.

"मल्ल्या," आतून अक्का म्हणाल्या, "रडून झालं आसंल तर चल की."