डबरीपाऱ्याचा संतोष निर्देशांक

कोणतेही काम सुरू करण्याआधी ते सुरू करण्याची व्यवस्था उभारावी लागते, आणि समाज जितका प्रगत तितकी ही व्यवस्था लांब. मागास काळात विहिरीतून पाणी काढायला दोर आणि बादली पुरत असे. आता आधी वातावरणनिर्मिती करावी लागते.

रायपूरच्या पंडरीत, ठोक साड्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर, 'जलसंतोष' या सेवेचे कार्यालय होते. भार्गव तिथे अभियंता म्हणून लागला तेव्हा चैत्र नुकताच लागला होता. जलसंतोष जवळच्या एका नगरपालिकेसाठी चाले (तिचे नाव सांगत नाही; प्रत्येकाला ती आपलीच वाटेल). नागरिकाने फोनवर 'पाणी मिळाले' किंवा 'पाणी मिळाले नाही' यांपैकी एक बटण दाबायचे. न मिळालेल्यांकडे टँकर जाई आणि मिळालेल्यांचे समाधान संतोष निर्देशांकात जमा होई.

त्या नगरपालिकेच्या हद्दीत डबरीपारा नावाची वस्ती होती. तिकडे पारा म्हणजे मोहल्ला आणि डबरी म्हणजे तळे. डबरी केव्हाच बुजवली गेली होती, नाव तेवढे ओले राहिले होते. तिथे भार्गवची मावशी राहायची, प्रेमलामावशी. मूळची वर्ध्याची, नवरा रेल्वेत म्हणून इकडे आलेली, तो गेल्यावरही इथेच राहिलेली. भार्गवला नोकरी लागल्याचे कळताच तिने पहिल्या आठवड्यात फोन केला. अभिनंदन उरकून ती मुद्द्यावर आली. नळ कोरडा होता, तिने 'मिळाले नाही' दाबले होते, आणि फोनने तिच्या समाधानाबद्दल तिचे आभार मानले होते.

"काहून रे, मी कधी समाधानी झाली?" तिने विचारले.

भार्गवने त्याच दुपारी चूक शोधली. दोन बटणांचे धागे एकमेकांत अडकले होते. 'नाही' दाबले की 'हो' नोंदले जाई आणि 'हो' दाबले की 'नाही'. दुरुस्ती एका ओळीची होती. तांत्रिक प्रमुख इंद्रजीत सरांनी त्याचे मनापासून कौतुक केले आणि कार्यपद्धती समजावून सांगितली. स्वतःच्या मशीनवर संपूर्ण वातावरण उभे केल्याशिवाय कोणीही कोणत्याही ओळीला हात लावू शकत नव्हते. नियम योग्यच होता. उगाच एखाद्याने काहीतरी दुरुस्त करून ठेवले तर जबाबदार कोण?

वातावरण म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. आजकाल प्रोग्रॅम सुटा पाठवत नाहीत, डब्यात घालून पाठवतात. अभियंते त्याला कंटेनर म्हणतात. या डब्यात नुसती पोळीभाजी नसते. ताट, चूल, तेलाची बरणी आणि लागलीच तर स्वयंपाकघराची एक भिंतही असते. त्यामुळे डबा कुठेही उघडला तरी चव तीच, असा शास्त्राचा दावा आहे. जलसंतोषचे असे बरेच डबे होते. एक बटणांचा, एक टँकरांचा, एक आभार मानण्याचा, आणि एक हे डबे जिवंत आहेत की नाहीत ते पाहणारा (हाच सर्वांत आधी मरायचा). हे सगळे आकाशातल्या भाड्याच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर, एकत्र नांदायचे. भार्गवच्या लॅपटॉपवर मात्र नांदायला तयार नव्हते. दोन डबे उघडले की पंखा ओरडायचा, तिसरा उघडला की स्क्रीन काळी पडायची.

मदतीला सोनियादीदी होती. तिच्या हुद्द्यातच 'वातावरण' हा शब्द होता. तिने भार्गवला अधिकृत मार्गदर्शिका पाठवली. मार्गदर्शिका सुटसुटीत होती. पहिली पायरी: वरदला विचारा. दुसऱ्या पायरीपासून पुढे, पहिल्या पायरीत वरदने सांगितल्याप्रमाणे करा.

वरद नोकरी सोडून बंगळुरूला गेला होता. फोनवर तो आपुलकीने बोलला. एक डबा त्याने फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर बनवला होता आणि जाताना लॅपटॉप कंपनीला परत केला होता. "फॉरमॅट तर नाही केला ना, भैया?" त्याने काळजीने विचारले. भार्गवने आपल्या हातातल्या लॅपटॉपकडे पाहिले. तो कंपनीने त्याला अगदी स्वच्छ करून दिला होता.

तो डबा नव्याने बनवावा लागला. त्यासाठी बरेच काही इंटरनेटवरून उतरवायचे होते, आणि तेव्हाच लग्नसराई सुरू झाली. खालच्या दुकानात नवरीकडची मंडळी आली की एसी वाढे, एसी वाढला की वरची वीज डुलकी घेई, आणि नव्वद टक्के उतरलेला डबा पुन्हा शून्यावर येई. भार्गव मुहूर्त पाहून काम करू लागला. ज्या दिवशी पंचांगात लग्नतिथी नसे त्या दिवशी तो लवकर येऊन बसायचा. सोनियादीदी जाता-येता थांबून म्हणायची, "एक बार रीस्टार्ट करके देख लो."

मावशीचा फोन सुरुवातीला रोज यायचा. तो प्रत्येक वेळी "सेटअप कर रहा हूँ, मौसी," असे सांगायचा आणि ती प्रत्येक वेळी "अजून?" असे विचारायची. पुढे फोन कमी झाले, मग थांबले. भार्गवला वाईट वाटले. बिचारीने आशा सोडली असे समजून तो दुप्पट जोमाने कामाला लागला.

लग्नसराई ओसरली आणि एका सकाळी स्क्रीनवर सगळे डबे एकदम हिरवे झाले, म्हणजे चालू लागले. कॉलेजच्या निकालाच्या दिवशीही भार्गवला इतके बरे वाटले नव्हते. मग त्याने ती ओळ दुरुस्त केली, सोनियादीदीने ती आकाशात चढवली, आणि इंद्रजीत सरांनी समोसे मागवले.

तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. टँकर बंद झाला होता.

भार्गव स्कूटर काढून डबरीपाऱ्यात गेला. मावशी ओट्यावर बसली होती, शेजारी पाण्याच्या रिकाम्या पितळी गुंड्या. त्याने सगळी हकीकत सांगितली: चूक काय होती, ती कशी सुधारली, आता 'नाही' म्हणजे खरोखर नाही. मग मावशीने सांगितले की बटण उलटे आहे हे पाऱ्याला अक्षय तृतीयेच्या आधीच उमगले होते. तेव्हापासून नळ कोरडा असला की साऱ्या बाया 'मिळाले' दाबत होत्या आणि टँकर वेळेवर येत होता.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तं तू सुधारलं असतं," मावशी म्हणाली.

भार्गवने गुंड्या उचलल्या, आपल्या घरून भरून आणल्या, आणि पुढचे कित्येक दिवस तो कामावर जाण्याआधी तेच करत राहिला. जाता-येता तो दारोदार जाऊन आता खरे बटण दाबा म्हणून विनवत होता. काही बायांचा त्याच्यावर विश्वास बसला. काहींनी, सरकारी पोट्ट्याचे ऐकून कुणाचे भले झाले, असे म्हणून जुनेच चालू ठेवले. अर्धा पारा 'मिळाले' म्हणू लागला, अर्धा 'नाही'. यंत्राने निःपक्षपातीपणे सरासरी काढली आणि अर्धा भरलेला टँकर पाठवायला सुरुवात केली.

भार्गवने जुनी ओळ परत घालण्याची परवानगी मागितली. इंद्रजीत सरांना नवल वाटले. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत डबरीपाऱ्याचा संतोष निर्देशांक शंभर टक्क्यांवर गेला होता, आणि त्याबद्दल भार्गवचे नाव गौरवासाठी पाठवलेही गेले होते. शिवाय मधल्या काळात सगळ्या डब्यांच्या नव्या आवृत्त्या आल्या होत्या. जुन्या ओळीला हात लावायचा तर नियमाप्रमाणे आधी नवे वातावरण उभे करावे लागणार होते. भार्गव जागेवर जाऊन बसला आणि त्याने पहिला डबा उतरवायला लावला.

पाणी हवे म्हणून 'पाणी मिळाले' असे खोटेच कळवणाऱ्या त्या बायांचे वाचकाला हसू येणे स्वाभाविक आहे. मात्र 'मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत' हे बटण वाचकाने आज सकाळपासून किती वेळा दाबले, तेही एकदा आठवून पाहावे. त्या बायांना निदान पाणी मिळत होते.