हवेतला अर्धा तोळा

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत उखर्डू मापाड्याच्या ओसरीवर पोह्यांची ताटली घेऊन बसलेल्या वामन मास्तरला ठाऊक नव्हतं, की आपलं ठरत आलेलं लग्न मोडायला एक फुटबॉल पुरेसा आहे.

उखर्डूनं चाळीस वर्षं कापसाच्या बाजारात वजन केलं होतं. काट्यावर माशी बसली तर ती उडेपर्यंत तो आकडा बोलत नसे. त्यानं "पुरं" म्हटलं की शेतकरीही गप्प आणि अडत्याही गप्प. 'अंदाजे' हा शब्द त्याच्या घरात शिवीसारखा होता. त्याच्या मुलीसाठी, कुसुमसाठी आलेलं मागचं स्थळ त्यानं एवढ्यासाठीच परत पाठवलं, की वय विचारल्यावर नवरदेव म्हणाला, "असेल अंदाजे चोवीस."

वामनचं मात्र जमत आलं होतं. जसोंडीच्या केळीवाल्याचा पोरगा, गावातला पहिला मॅट्रिक, आता बुऱ्हाणपुरात सायन्स शिकवणारा. पाण्याचा तांब्या ठेवताना कुसुमनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं होतं, आणि वामनच्या घशात पोहा अडकला होता. एवढ्यावर उठले असते तर बरं झालं असतं. पण सोबत कौतिकमामा होता.

"आमचा वामन म्हणजे काय समजून राहिले तुमी?" कौतिकमामा मिशीवरची शेव झटकत म्हणाला. "काट्याबिगर वजन सांगते. हवेचं बी!"

उखर्डूचा घास हातात राहिला. "काट्याबिगर?"

वामननं मामाचा गुडघा दाबला. पण दाराआड हिरवी बांगडी हलली, आणि मास्तरातला मास्तर जागा झाला. "होय. वायूचा दाब, त्याचं घनफळ आणि उष्णमान ठाऊक असलं, की त्याचं वजन गणितानं काढता येतं."

"येते ना? मंग काढ. मी काट्यावर टाकतो. जुळलं तर पोरगी तुझी. नाही जुळलं तर पोहे खाल्ले, राम राम."

"अरे उखर्डू," आतून त्याची बहीण सोजरबाई ओरडली, "जावई पाहून राहिला का कापसाचं गाठोडं?"

रविवारी दुपारी वामन सगळा सरंजाम घेऊन हजर झाला. शाळेचा फुटबॉल, सायकलचा पंप, मोटारवाल्याकडून मागून आणलेलं दाब मोजायचं यंत्र आणि थर्मामीटर. उखर्डूचा कापसाचा काटा एवढ्या बारीक कामाचा नव्हता, म्हणून पंडित सोनाराला त्याच्या चांदी तोलायच्या काट्यासकट बोलावलं होतं. वामनच्या मागोमाग अर्धं लालबागही आलं. हवा तोलणारा माणूस रोज थोडाच पाहायला मिळतो!

वामननं पाटीवर मांडणी केली. फुटबॉलला सुतळी गुंडाळून घनफळ काढलं. हवा भरल्यावर दाब बाहेरच्या दुप्पट करायचा ठरवलं. उष्णमान त्रेचाळीस. "त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवले की झाले तीनशे सोळा."

"तीनशे सोळा?" उखर्डूनं आभाळाकडे पाहिलं. "बुऱ्हाणपूर तापते, कबूल. पण चहाला आजून चूल लागते, मास्तर."

लोक हसले. वामनचे कान तापले, पण गुणाकार-भागाकार चुकला नाही. त्यानं पाटी उंच धरली. "आत एक तोळा हवा असेल."

उखर्डूनं आधी चेपलेला रिकामा फुटबॉल पारड्यात ठेवला, पोत्याचं बारदान वजा करतात तसं वजा करायला तोलून घेतला. मग वामननं पंप मारला, दाब पाहिला, तोंड बांधलं. फुटबॉल पुन्हा पारड्यात गेला. पंडित सोनारानं चिमट्यानं एकेक वजन टाकलं. काटा थरथरला, स्थिरावला.

"अर्धा तोळा," उखर्डू म्हणाला.

"हवा गळली असेल," वामन पुटपुटला. फुटबॉल हौदात बुडवला. एक बुडबुडा नाही. कोरडा पुसला, हवा सोडून पुन्हा भरला. अर्धा तोळा. तिसऱ्यांदा भरला. अर्धा तोळा.

तेवढ्यात भाच्याची बाजू सावरायला कौतिकमामा पुढे सरसावला. "मी काय म्हणतो, काटा सोनाराचा हाये. म्हणजे..."

"म्हणजे काय?" पंडित सोनार ताडकन उठला. "बोल, म्हणजे काय?"

मामा मागे सरकला, पण सोजरबाईनं ऐकलं ते ऐकलंच. ती आत जाऊन तिच्या पाटल्या घेऊन आली. "या तूच घडवल्या ना रे, पंडित? मंग तोल बरं त्या बाजारातल्या दुसऱ्या काट्यावर." शेजारणीनं पोत काढली. तिच्या जावेनं एकदाणी आणली. बघता बघता ओसरीवर दागिन्यांची रांग लागली, दुसऱ्या दोन सोनारांचे काटे आले, आणि पंडित सोनार डोळे पुसत प्रत्येक दागिन्याला हात जोडत होता.

संध्याकाळपर्यंत सगळे दागिने तोलून झाले. सगळे बरोबर भरले. पंडितनं फेटा सरळ केला. काटा खरा होता. उरला खोटा एकच, मास्तर.

उखर्डू वामनसमोर येऊन बसला. आवाज एरवीपेक्षा हळू होता. "पोरा, तू मले आवडला होता. पण अर्धा तोळा कमी भरला. मी शब्दाचा माणूस. कसं करू?"

वामन पाटीकडे पाहत राहिला. आकडे तसेच होते, त्यांच्यावर एक थेंब पडून पांढरा ओघळ झाला होता. तो घामाचा होता असं पुढे कौतिकमामा सांगत असे.

पाहुण्यांनी दोन रांजण रिकामे केले होते, म्हणून कुसुम विहिरीवरून पाणी आणत होती. भरली बादली तिनं उंबऱ्यापाशी ठेवली आणि परक्या पुरुषांकडे न पाहता ती सोजरबाईला म्हणाली, "आत्या, एक इचारू? बादली पाण्यात बुडेल असते तवा दोन बोटांनी वर येते. पाण्याबाहेर आली की दोन्ही हात लागतात. पाण्यात तिचं वजन कुठी जाते?"

"जाईन कुठी? पाणी धरते तिले खालून."

"मंग आपण तर हवेतच बुडेल हाओत. हवेत हवा तोलली तर हवा नाही का धरणार?"

वामनच्या हातातला खडू पडला. रोज मुलांना शिकवत होता तेच! पण त्या दारात बांगडी हलली की त्याला आठवायचं ते नेमकं आठवत नव्हतं. त्यानं पाटी पुसून पुन्हा मांडणी केली. "आत एक तोळाच आहे! फुगलेल्या फुटबॉलला बाहेरच्या हवेनं अर्धा तोळा उचलून धरलं. काटाही खरा, गणितही खरं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उखर्डू मात्र पायरीवर बसला, चेहरा उतरला होता.

"मास्तर, कापसाला बी हवा धरते का?"

आता खोटं बोललं तर लग्न ठरत होतं, हे वामनला कळलं. त्यानं कुसुमकडे पाहिलं. तिनं बादलीकडे. "धरते," तो म्हणाला, आणि पाटीवर हिशेब केला. "मणामागे पावणेदोन तोळे."

"म्हणजे चाळीस वर्षं मी कमी तोललं?"

"तुम्ही नाही, मामा. हवेनं."

उखर्डूनं काट्याकडे एकदा पाहिलं. मग उठला. "सोजर, गूळ आण. माझ्या ओसरीवर बसून मले कमी म्हणणारा दुसरा नाही भेटायचा."

हंगामाचा शेवटचा आठवडा उरला होता. त्या आठवड्यात उखर्डू दर मणाला शेतकऱ्याच्या बाजूनं काटा किंचित झुकू देई. अडते ओरडले, की तो म्हणे, "हवेचे हायेत. माझ्या जावयाले इचारा."

जेठात लग्न झालं. कुसुम शनवारा वेशीजवळच्या वामनच्या खोलीत नांदायला गेली. पंधरा दिवसांनी वामन सासऱ्याला भेटायला आला, तर उखर्डू ओसरीवर एकटा बसलेला.

"मास्तर, एक गणित कर. कुसुम या घरातून गेली. तिच्या जागी हवा आली असंन ना?"

"आली."

"किती?"

वामननं पाटी मागवली, हिशेब केला. "चार तोळे."

"चार तोळे?" उखर्डूनं रिकाम्या घराकडे पाहिलं. "पुन्हा कर. चूक हाये."

वामननं पुन्हा केलं. चार तोळेच आले. त्यानं बाहीनं पाटी पुसली. "चुकलं मामा. अंदाजे सांगितलं मी."

पहिल्यांदाच त्या शब्दावर उखर्डू चिडला नाही. दुसऱ्या दिवशी वामननं धाडलेल्या टांग्यातून कुसुम आठ दिवस राहायला माहेरी आली.

चौथ्या दिवशी सकाळीच दारात वामन उभा. केस विस्कटलेले, सदऱ्याचं एक बटण गायब.

"काय झालं?" उखर्डूनं विचारलं.

"मामा, माझ्या खोलीतली हवा फार जड झाली आहे."

"काट्यावर टाकली का?"

"नाही."

"गणित केलं?"

वामननं मान खाली घातली. "अंदाजे."

आत बांगड्या वाजल्या. उखर्डूनं सरकून त्याला शेजारी जागा केली आणि आत हाक मारली, "सोजर, मास्तरले ताट वाढ. अन् जरा झुकतं माप घाल."