सरावाचं घर

खुल्या तुरुंगातल्या जुन्या कोठाराला रंग देऊन जेलरसाहेबांनी त्याचं 'सरावाचं घर' केलं होतं. बेल वाजली की दार उघडायचं, पाहुण्याला बसवायचं, गॅस बंद करायला विसरायचं नाही, असं सुटकेला आलेल्या कैद्यांना तिथं शिकवलं जाई. शिकवायला अर्थातच साहेब. "तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं मी तुरुंगात काढलीत," ते पहिल्याच तासाला सांगत, "आणि तीही काही गुन्हा न करता." कैदी अदबीनं हसत.

त्या दिवशी शिलाई विभागातल्या टेलरमास्तरांची परीक्षा होती. त्यांची मुलगी येणार होती आणि बाबांना घरी न्यायचं की नाही, ते पाहून ठरवणार होती. इतकी वर्षं आत राहिलेला माणूस कुणी सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही, असं तिनं ऐकलं होतं. तिनं नाही म्हटलं तर मास्तरांना जायला दुसरं घर नव्हतं.

शेवटची तालीम म्हणून साहेब स्वतः पाहुणे होऊन खुर्चीत बसले. तेवढ्यात बाहेरून हवालदार चालला होता. माणसं आत आणि दार नुसतं लोटलेलं, हे त्याच्या डोळ्यांना खुपलं. त्यानं कडी घातली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि तो पुढे गेला.

साहेबांनी हाक मारली. दार बडवलं. हवालदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी आपण साहेब आहोत, हेही ओरडून सांगितलं.

"आत गेल्यावर सगळेच काहीबाही सांगतात," दुरून शांत उत्तर आलं. "जेवणाच्या वेळेला उघडतो."

आतून कुणी कितीही ओरडलं तरी विरघळायचं नाही, हे त्याला साहेबांनीच शिकवलं होतं. आपला एक तरी विद्यार्थी ढ निघायला हवा होता, असं त्यांना वाटून गेलं. त्यांना दरदरून घाम फुटला.

"बसा साहेब," मास्तर म्हणाले. "पहिल्या दिवशी होतं असं. दाराकडे बघायचं नाही." त्यांनी पाणी दिलं आणि चहा टाकला.

बेल वाजली. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे कोण आहे ते विचारलं, मुलीचा आवाज ओळखून "ये, बस" म्हटलं, आणि मग मास्तर आणि साहेब दोघंही बंद दाराकडे बघत उभे राहिले. निकाल लागला, असं समजून साहेबांनी डोक्याला हात लावला.

जरा वेळानं मुलगी स्वयंपाकघरातून आत आली.

"मागचं दार उघडंच होतं की. तुम्ही ढकलून बघितलं नाही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या दाराला कुलूप ठेवायचं नाही, हा हुकूम साहेबांच्याच सहीनं निघाला होता.

"यांची चूक नाही, ताई," साहेब पडेल आवाजात म्हणाले. "गुरूच असा भेटला. माझ्यामुळे यांना नाही म्हणू नका."

मुलीनं कपांकडे पाहिलं. "चहा कुणी केला?"

"मी," मास्तर म्हणाले.

"साहेबांनी सांगितला?"

"छे. ते घाबरले होते, म्हणून टाकला."

मुलीचे डोळे भरून आले. "सोमवारी न्यायला येते, बाबा," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळून तिनं हळूच विचारलं, "आणि तुमची सुटका कधी?"

"रिटायरमेंट जवळ आलीय," साहेब म्हणाले. "पण माझी वागणूक बघता अवघड दिसतंय."

संध्याकाळी साहेब आपल्या घरासमोर कुणीतरी उघडेल म्हणून नेहमीसारखे उभे राहिले.

"उघडंच आहे हो," आतून बायको म्हणाली.

साहेबांनी दार ढकललं. मग पुन्हा ओढून घेतलं आणि सरावासाठी आणखी एकदा ढकललं.